आधी परीक्षा की आधी उमेदवारी?

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात आम्ही नेहमीप्रमाणे दारात बसून जेवणाची कुपने फाडत होतो. मध्यंतरात चहाच्या रांगेत तीन वेगवेगळ्या जणांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला. एक काका आपल्या मुलीसाठी विचारत होते. ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक वहिनी स्वतःसाठी विचारत होत्या. त्या पुण्याहून एम.कॉम. करून आल्या आहेत. तिसरा एक तरुण, नुकताच मास्टर्स संपवून नोकरीला लागलेला. प्रश्न असा: "सी.पी.ए.ची परीक्षा आधी देऊन टाकावी, की आधी नोकरी धरून अनुभवाचे वर्ष पुरे करावे?"

खरे म्हणजे आम्ही रसायनशास्त्रवाले. जमा कोणत्या बाजूला आणि नावे कोणत्या बाजूला हे आम्हांला अजूनही घरी विचारावे लागते. तरी हा प्रश्न आमच्याकडे येतो याला कारण आहे. आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर एकदा चुकलेले आहे, आणि ते मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ती हकिगत पुढे येईलच. प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात की आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. दोन्ही द्रव्ये तीच, पण क्रम चुकला की हात भाजतो. आमचा हात भाजल्यावर आम्ही, सवयीप्रमाणे, हा नियम मुळात आला कुठून ते शोधायला बसलो. जे सापडले ते इथे मांडत आहोत, कारण नियमाचा इतिहास कळला की नियम पाळणे सोपे जाते असा आमचा अनुभव आहे.

सी.पी.ए.च्या परवान्याला तीन अटी असतात: शिक्षण, परीक्षा आणि अनुभव. परवाना केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्याचे बोर्ड देते. परीक्षा देशभर एकच आहे, पण कोणत्या अटीला किती वजन आणि कोणती अट आधी, हे राज्याराज्यांत आणि काळाकाळात बदलत आले आहे. गेल्या सव्वाशे वर्षांची गोष्ट म्हणजे या तीन अटींची आपसांतली ओढाताण आहे.

आपल्याकडची रीत

आपल्या मराठीत एक गंमत आहे. परीक्षेला बसतो तोही 'उमेदवार' आणि धंदा शिकण्यासाठी कोणाच्या हाताखाली राबतो तोही 'उमेदवार'. पूर्वी कुळकर्ण्याचा मुलगा बापाच्या शेजारी बसून दप्तर लिहायला शिके. परीक्षा नव्हतीच, सगळी उमेदवारीच होती.

इंग्रजी अमलात परीक्षा आली, पण उमेदवारी सुटली नाही. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेब तपासणाऱ्यांसाठी पात्रतेच्या अटी घातल्या. त्याच साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. १९१८ मध्ये मुंबईत 'गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी' हा अभ्यासक्रम सुरू झाला. हा डिप्लोमा आणि मान्यताप्राप्त अकौंटंटच्या हाताखाली तीन वर्षांची आर्टिकलशिप, असे दोन्ही पुरे केले की सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात ऑडिटर म्हणून काम करण्याचा दाखला मिळे. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने सी.ए. इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तरी रीत तीच राहिली. आपल्याकडे सी.ए. होणारा मुलगा सकाळी क्लासला जातो, दिवसभर आर्टिकलशिप करतो आणि रात्री अभ्यास करतो. आर्टिकलशिप हा त्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्यामुळे "आधी काय?" हा प्रश्न तिथे फारसा पडत नाही. इन्स्टिट्यूटच सांगते.

अमेरिकेत मात्र हा क्रम ज्याचा त्याने लावायचा असतो. आपली माणसे इथेच फसतात.

न्यूयॉर्क, १८९६

अमेरिकेतला पहिला सी.पी.ए. कायदा न्यूयॉर्क राज्याचा. १७ एप्रिल १८९६ रोजी गव्हर्नर लीव्हाय मॉर्टन यांनी त्यावर सही केली आणि 'सर्टिफाइड पब्लिक अकौंटंट' हे बिरुद जन्माला आले. पहिली परीक्षा त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्क शहर आणि बफलो इथे झाली. विषय चार होते: हिशेबाचे तत्त्व, प्रत्यक्ष हिशेब, ऑडिटिंग आणि व्यापारी कायदा.

या कायद्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, कायदा होण्याआधी एक वर्षाहून जास्त काळ जे स्वतःच्या नावावर हा धंदा करत होते, त्यांना परीक्षेतून सूट देता येत असे. म्हणजे सुरुवातीच्या लोकांपुरता अनुभव हाच परीक्षेच्या जागी चालला. ज्यांनी दार बांधले ते आधीच आत उभे होते! दुसरी गोष्ट म्हणजे, पूर्ण सर्टिफिकेटसाठी वय किमान २५ आणि तीन वर्षांचा अनुभव लागे; त्या तिनांपैकी एक वर्ष जाणत्या पब्लिक अकौंटंटच्या कचेरीत काढलेले असले पाहिजे. पण ज्याचे वय किंवा अनुभव कमी पडे, तोही परीक्षेला बसू शके. पास झाला तर त्याला 'ज्युनियर अकौंटंट' म्हणून दाखला मिळे.

म्हणजे चहाच्या रांगेतला आपला प्रश्न १८९६ सालीही होता, आणि न्यूयॉर्कच्या लोकांनी त्याला समंजस उत्तर दिले होते. परीक्षा आधी द्या, गुण आमच्याकडे जमा ठेवा, उमेदवारी पुरी करून या आणि पूर्ण बिरुद घेऊन जा.

पुढे प्रत्येक राज्याने आपापला कायदा केला. आपल्या इलिनॉयने १९०३ मध्ये केला आणि परीक्षेचे काम इलिनॉय विद्यापीठाकडे सोपवले. १९१७ मध्ये एकसारखी परीक्षा सुरू झाली आणि हळूहळू सगळ्या राज्यांनी ती स्वीकारली. अनुभवाची अट मात्र राज्यागणिक वेगळीच राहिली.

सहीसाठी वणवण

परीक्षा कागदावर असते. तिथे नाव नसते, नंबर असतो. अनुभव तसा नाही. अनुभव म्हणजे कोणीतरी तुम्हांला नोकरीवर ठेवले पाहिजे आणि शेवटी तुमच्या फॉर्मवर सही केली पाहिजे. सही करणारा माणूस दार उघडतो, तसाच बंदही करू शकतो.

अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय सी.पी.ए. जॉन क्रॉमवेल. डार्टमथ कॉलेजचे पदवीधर आणि वॉशिंग्टन शहरात शाळेत शिक्षक. विद्वत्तेत कमी काही नव्हते. पण त्या काळात कृष्णवर्णीय माणसाला उमेदवारीला ठेवणारी गोऱ्यांची फर्म मिळणे जवळजवळ अशक्य होते आणि कृष्णवर्णीय सी.पी.ए. तर कोणी नव्हताच. सही करणार कोण? शेवटी १९२१ मध्ये त्यांनी न्यू हॅम्पशायरमधून परीक्षा दिली, कारण त्या राज्यात अनुभवाची अट नव्हती. राहायचे वॉशिंग्टनला आणि सर्टिफिकेट शेकडो मैल दूरच्या राज्याचे.

दुसरी गोष्ट आपल्या शिकागोची आहे आणि ती आम्हांला विशेष जवळची वाटते. १९२३ मध्ये आर्थर विल्सन इलिनॉयमधून सी.पी.ए. झाले. शिकागोतल्या बिंगा बँकेत त्यांच्या हाताखाली मेरी वॉशिंग्टन नावाची एक तरुणी काम शिकली. तिने १९३९ मध्ये आपल्या घराच्या तळघरात स्वतःचे हिशेबाचे काम सुरू केले, १९४१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९४३ मध्ये ती देशातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री सी.पी.ए. झाली. तिचे मोठेपण तिच्या पुढच्या कामात आहे. दुसऱ्या राज्यांतले कृष्णवर्णीय तरुण पदवी घेऊन बसलेले असत, पण अनुभव द्यायला कोणी तयार नसे. ते शिकागोला तिच्या कचेरीत येत, वर्षे भरत आणि सही घेऊन जात. एका बाईने स्वतःच्या अडचणीतून दुसऱ्यांसाठी वाट काढली. अमेरिकन इन्स्टिट्यूटने या व्यवसायात सर्वांना सामावून घेण्याचा ठराव केला तो पुढे १९६९ मध्ये.

आपण भारतीय त्या वेळी कुठे होतो? न्यूयॉर्कच्या १८९६ च्या कायद्यात आणखी एक अट होती: अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने रीतसर जाहीर केलेला असावा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवले की भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होण्यास पात्र नाही. हे दार १९४६ च्या कायद्याने उघडले. मधली २३ वर्षे, ज्या ज्या राज्यात नागरिकत्वाची अट होती तिथे भारतीय माणसाला कितीही हुशारी आणि कितीही अनुभव असला तरी उपयोग नव्हता. व्यवसायाच्या परवान्यातली नागरिकत्वाची अट ढिली झाली ती १९७३ च्या सुमारास. त्या वर्षी ग्रिफिथ्स नावाच्या एका डच बाईंच्या वकिलीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशी अट घटनेविरुद्ध ठरवली. खटला वकिलीचा असला तरी त्याचा फायदा इतर व्यवसायांतल्या परदेशी नागरिकांनाही झाला.

वर्गातले वर्ष की कचेरीतले वर्ष?

आता शिक्षणाच्या अटीकडे येऊ. सुरुवातीला पदवी लागतच नसे. न्यूयॉर्कने १९२९ मध्ये कायदा करून १९३८ पासून पदवी सक्तीची केली. मग हळूहळू असा विचार पुढे आला की शिक्षण वाढवले तर अनुभवाची अट कमी करता येईल. १९६९ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या एका समितीने सुचवले की कॉलेजची पाच वर्षे ठेवावीत आणि ज्यांनी ती केली त्यांना अनुभवाची अट असू नये.

कल्पना सरळ होती: एक वर्ष वर्गात जास्त, तर कचेरीतली अट रद्द. पण प्रत्यक्षात झाले ते घर भाड्याने देताना होते तसे. भाडे वाढले आणि पागडीही राहिली. १९८३ पासून फ्लॉरिडाने १५० क्रेडिट तासांची अट लागू केली. साधी पदवी १२० तासांची, म्हणजे हे जवळजवळ एक वर्ष जास्त झाले. १९८८ मध्ये इन्स्टिट्यूटच्या सभासदांनी मत दिले की २००० सालानंतर नव्या सभासदाला १५० तास लागतील. मग एकामागून एक राज्ये आली. न्यूयॉर्क २००९ मध्ये, कॅलिफोर्निया २०१४ मध्ये. अनुभव मात्र गेला नाही. तो बहुतेक ठिकाणी एका वर्षावर येऊन थांबला. नमुना नियमांत हे वर्ष म्हणजे किमान २,००० तास, तेही एका वर्षापेक्षा कमी काळात नाही आणि तीन वर्षांपेक्षा जास्त काळात नाही. सरकारी, खाजगी कंपनीतले किंवा शिकवण्याचे कामही चालते, पण पडताळणी परवानाधारक सी.पी.ए.नेच करायची.

आपल्या लोकांना १५० तासांचा नियम फार जाचला. आपली बी.कॉम. तीन वर्षांची. पुष्कळ ठिकाणी तिची किंमत ९० तास धरली जाई. मग एम.कॉम. जोडा, इथल्या कम्युनिटी कॉलेजात विषय घ्या, असे करत बेरीज जमवावी लागे. किती जणींनी पोराला पाळणाघरात ठेवून संध्याकाळी हे वर्ग केले आहेत, ते आपल्याच मंडळात विचारा.

आता वारे फिरले आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओहायोने कायदा केला: चार वर्षांची पदवी, परीक्षा आणि एकाऐवजी दोन वर्षांचा अनुभव, एवढे असले तर १५० तासांची गरज नाही. तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. व्हर्जिनिया, युटा आणि इतर अनेक राज्ये त्याच वाटेने निघाली. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना कायद्यातही ही वाट घातली गेली. आपल्या इलिनॉयमध्येही २०२५ मध्ये असा कायदा झाला. १९६९ मध्ये कचेरीतले वर्ष देऊन वर्गातले घ्यायचे ठरत होते. २०२५ मध्ये वर्गातले देऊन कचेरीतले घेतले. छप्पन्न वर्षांनी चाक पूर्ण फिरले.

घड्याळाची गोष्ट

तिसरी बाजू परीक्षेच्या घड्याळाची, आणि वेळेचा हिशेब चुकतो तो इथेच. जुन्या काळी परीक्षा वर्षातून दोनदा असे, मे आणि नोव्हेंबरमध्ये. अडीच दिवस सलग पेपर. १९९४ पासून ते दोन दिवस झाले आणि कॅल्क्युलेटर आला. बऱ्याच राज्यांत नियम असा की पहिल्यांदा एकाच बैठकीत किमान दोन भाग सुटले पाहिजेत आणि बाकीच्यांत किमान ५० तरी हवेत. नाहीतर सुटलेलाही हातचा जाई. पास व्हायला ७५.

५ एप्रिल २००४ पासून परीक्षा संगणकावर आली आणि एकेक भाग वेगळा देता येऊ लागला. सोय झाली खरी, पण तिच्याबरोबर १८ महिन्यांचे घड्याळ आले. पहिला भाग सुटला की १८ महिन्यांत उरलेले तीन सुटले पाहिजेत. नाहीतर पहिला भाग रद्द. २०११ मध्ये जपान आणि आखाती देशांत केंद्रे निघाली. २०२० मध्ये भारतात, मुंबईसकट. जानेवारी २०२४ पासून तीन भाग सर्वांना सारखे आणि चौथा तीन पर्यायांतून निवडायचा, अशी रचना आहे. आणि २०२३ मध्ये नमुना नियम बदलून १८ महिन्यांचे ३० महिने केले. बहुतेक राज्यांनी ते स्वीकारले.

१८ आणि ३० यांत फरक किती? या व्यवसायात जानेवारी ते १५ एप्रिल हा हंगाम. त्या दिवसांत घरचा माणूस घरी जेवायला सुद्धा नसतो, अभ्यास कसला? कुठूनही सुरुवात करा, १८ महिन्यांत असा एक हंगाम पूर्ण येतोच आणि ३० महिन्यांत दोन येतात. म्हणजे जुन्या हिशेबात हातात धड १४ महिने राहत. आता सुमारे २३ राहतात.

आमच्या घरची चूक

आता आमची हकिगत. सौ. पुण्याहून एम.कॉम. झालेली, आर्टिकलशिपची तीन वर्षे पुरी केलेली, सी.ए. फायनल लग्नामुळे राहिली. २०१६ च्या सुरुवातीला ती एच-४ वर इथे आली. नोकरीची परवानगी नव्हती. २०१५ पासून काही एच-४ धारकांना ती मिळू लागली होती, पण त्यासाठी आमच्या ग्रीन कार्डाचे कागद पुढे सरकायला हवे होते आणि ते सरकले नव्हते. आम्ही म्हटले, घरी बसण्यापेक्षा परीक्षा तरी देऊ. दुसऱ्या एका राज्याच्या बोर्डाकडून अर्ज केला. आर्टिकलशिपची तीन वर्षे अनुभवात धरली गेली नाहीत, कारण सही करणारे सी.ए. होते, सी.पी.ए. नव्हते. वाईट वाटले, पण नियम तसा होता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिला भाग सुटला. २०१७ मध्ये आणखी दोन. नोव्हेंबरात आमची मुलगी झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये चौथ्या भागाला ७३ गुण मिळाले. दोन गुण! एप्रिलमध्ये पहिल्या भागाचे १८ महिने भरले. तान्ही मुलगी आजारी, तारीख मिळेना, आणि पहिला भाग गेला. मग ऑगस्टमध्ये दुसरा आणि त्यापुढच्या हिवाळ्यात तिसरा. ज्या दिवशी तिसऱ्याची मुदत संपली त्या दिवशी तिने पुस्तके खोक्यात भरली आणि खोके गराजमध्ये नेऊन ठेवले. त्यावर ती एक शब्द बोलली नाही, आणि आम्हीही बोललो नाही.

२०१९ मध्ये कामाची परवानगी आली. घराजवळच्या एका छोट्या टॅक्सच्या कचेरीत ती लागली. दोन वर्षे काम केले. मालक सज्जन. आम्ही मनात म्हणत होतो, परीक्षा नाही तर नाही, अनुभव तरी साठतो आहे. पुढे फॉर्म पुढे केला तेव्हा कळले की ते 'एन्रोल्ड एजंट' आहेत; म्हणजे टॅक्सच्या कामाचा केंद्र सरकारचा परवाना त्यांच्याकडे होता, पण ते सी.पी.ए. नव्हते. त्यांची सही बोर्डाला चालणार नव्हती. त्यांनी कधी आपण सी.पी.ए. आहोत असे म्हटले नव्हते. पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारायचा होता, तो आम्ही विचारला नाही. दोष आमचा.

म्हणजे परीक्षा दिली ती मुदतीत बसली नाही आणि अनुभव घेतला तो सहीत बसला नाही. मेरी वॉशिंग्टनच्या काळातली माणसे सहीसाठी शिकागोला येत. आम्ही शिकागोत राहून बिनसहीची दोन वर्षे काढली.

मग चहाच्या रांगेतले उत्तर काय?

आम्हांला जे समजले ते सांगतो. शेवटचा शब्द बोर्डाचा. त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या, कारण या वर्षांत नियम भराभर बदलत आहेत.

एक, राज्य आधी ठरवा, मग परीक्षा. ज्या बोर्डाकडे परवाना मागायचा आहे त्याच्या तिन्ही अटी एका कागदावर लिहा. परीक्षेला बसण्याची अट आणि परवान्याची अट वेगळी असू शकते. पुष्कळ ठिकाणी १२० तासांवर परीक्षेला बसता येते आणि बाकीचे नंतर भरता येते. काकांनी आपल्या मुलीला हे जरूर सांगावे.

दोन, परीक्षेला घड्याळ आहे. अनुभवाला सही आहे. कामाची परवानगी नसेल तर परीक्षाच आधी, यात शंका नाही, कारण चारही भाग सुटले की ते घड्याळ थांबते. पण पहिला भाग सुटेपर्यंत घड्याळ सुरूही होत नाही. तेव्हा पुढचे ३० महिने डोळ्यांसमोर ठेवून, बाळंतपण, घर बदलणे, भारतवारी हे सगळे धरून, मगच पहिल्या भागाची तारीख घ्या. वहिनी, हे तुमच्यासाठी.

तीन, नोकरी धरण्यापूर्वी विचारा: माझ्यावर देखरेख करणाऱ्याकडे सी.पी.ए.चा चालू परवाना आहे का? विचारण्यात उद्धटपणा नाही. राज्याच्या बोर्डाकडे नाव घालून परवाना तपासता येतो. आणि नोकरी सोडताना त्याच आठवड्यात अनुभवाच्या फॉर्मवर सही घ्या. माणसे गाव बदलतात, कचेऱ्या बंद होतात.

चार, विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना पदवीनंतर कामाचे साधारण १२ महिने मिळतात, आणि अनुभवही १२ महिन्यांचाच लागतो. एक महिना वाया गेला तरी हिशेब बिघडतो. तेव्हा त्या तरुणाने नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तासांची वही ठेवावी आणि परीक्षा हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, सुरू करावी.

तानाजीने "आधी लगीन कोंडाण्याचं" म्हटले, कारण त्याला दोन्ही लग्ने दिसत होती आणि कोणते थांबू शकते हे ठाऊक होते. आम्हांला २०१६ मध्ये एकच दिसत होते.

आता शेवटची बातमी. गेल्या महिन्यात गराज आवरताना ते खोके सापडले. पुस्तके जुनी झाली, निम्मा अभ्यासक्रम बदलला. सौ.ने खोक्यावर बसून बोटांवर महिने मोजले. मुलगी आता शाळेत जाते. सध्याच्या नोकरीत सौ.ची वरिष्ठ बाई सी.पी.ए. आहे, परवाना आम्ही तपासला, चालू आहे. मे महिन्यात पहिला भाग द्यायचे ठरले आहे.

तोवर मंडळाच्या कार्यक्रमांत कुपने फाडायला आम्ही एकटेच येऊ. शनिवारी मुलीला सांभाळण्याची पाळीही आमची आहे. मागच्या वेळी ती पाळी आम्ही घेतली असती, तर ते दोन गुण कदाचित मिळाले असते. हा हिशेब मात्र आम्हांला कोणाला विचारावा लागला नाही.

कळावे, लोभ असावा.